शून्य चुका, बारा सह्या

३ मार्च, सोमवार

१. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्या बाईंचा शुक्रवारी कंपनीतला शेवटचा दिवस झाला. एकोणीस वर्षांची नोकरी.
२. नियमाप्रमाणे त्याच संध्याकाळी त्यांचे मशीन – कॉम्प्युटर – पुसून कोरे झाले.
३. आज साडेनऊला मालकांनी त्यांचे टेबल मला दिले.
४. पावणेदहाला काम सांगितले : हॉस्पिटलातल्या सिरिंज पंपाचा स्क्रीन बदलला आहे, नव्या स्क्रीनसाठी प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे पंपाला कळेल अशा भाषेत उतरवायचा. बारा पंप गुरुवारी तीन हॉस्पिटलांना जाणार.
५. सव्वाअकराला पहिल्यांदा कंपाइल केले. चौदा चुका.
६. संध्याकाळी सहाला तीन उरल्या.

एवढेच घडले.

चौदातली पहिली चूक वाचून हसू आले. सी भाषेतल्या कुठल्याही प्रोग्रामला लागणारी, अगदी पहिल्या धड्यातली हेडर फाइल, म्हणजे प्रोग्रामसोबत वाचायची जोडफाइल – तीच सापडेना! 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' मशीन नवे. कुणीतरी कंपायलर बसवला आणि त्याच्यासोबतचा हेडर फाइलींचा गठ्ठा बसवायचा विसरला. बसवला. चौदाच्या नऊ झाल्या.

बाई म्हणायच्या, "पहिली चूक वाच. बाकीची तिची पिल्लावळ असते." मी अजून तेच करते.

मग मोटरची हेडर फाइल. ती होती, पण दुसऱ्या फोल्डरमध्ये. कंपायलर आधी प्रोग्रामच्या शेजारी बघतो, मग आपण दिलेल्या पत्त्यांवर, मग स्वतःच्या ठेवणीत. त्यापलीकडे एक पाऊल टाकत नाही. पत्ता दिला. पाच उरल्या. मग गजराची – तिच्या नावातले पहिले अक्षर मोठे होते. बाईंच्या जुन्या मशीनला लहानमोठ्या अक्षरांचे सोयरसुतक नव्हते, नव्याला आहे. नाव सरळ केले. तीन.

बाईंच्या खुर्चीची उंची मला जमत नाही. खटका अडकला आहे.

४ मार्च, मंगळवार

दोन चुका सकाळीच गेल्या. फोल्डरांच्या नावांमधली तिरकी रेघ उलटी होती, बस. एक उरली.

सिरिंज.एच. नो सच फाइल.

पंप काय करतो, हे बाईंनी मला पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितले होते. "सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याऐवजी स्क्रूने ढकलायचा – सावकाश, तास तासभर. बाकी सगळे गजर." पण पंपाला सिरिंज दिसत नाही. कोणत्या कंपनीच्या किती मिलिलीटरच्या सिरिंजचा आतला व्यास किती, हा तक्ता या एका फाइलीत असतो. तेवीस सिरिंजा, तेवीस आकडे. नर्स स्क्रीनवर सिरिंज निवडते, पंप तक्त्यातला व्यास उचलतो आणि दट्ट्या किती ढकलायचा ते ठरवतो. आकडे बाईंनी स्वतः व्हर्नियर लावून मोजलेले. प्रत्येकापुढे तारीख.

सामाईक सर्व्हरवर चालू आवृत्तीची फाइल नाही. असणार नाही, हे मला माहीत होते. मालकांच्या विक्री बघणाऱ्या भाच्याने एकदा गिऱ्हाइकासमोर पंप चालवून दाखवताना तिच्यातला आकडा परस्पर बदलला. तेव्हापासून बाईंनी ती तिथून काढून आपल्या मशीनवर ठेवली. "बाकी सगळं तुमचं. ही माझ्या पदराखाली." एकच प्रत.

घरी वहिनीने विचारले, "काय वन्सं, चेहरा का असा पडलाय?" ती मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, चेहरे वाचण्याची सवय घरीही सुटत नाही. सांगितले – पुस्तकात लिहिलंय 'कोष्टकासाठी पान बारा पाहा', आणि पान बाराच फाटलेलं आहे.

"मग दुसऱ्या प्रतीतलं पान बारा लाव की."

दादा म्हणाला, "एवढं सोपं असतं तर हिला पगार कशाला दिला असता?"

"पगार दिसतो कुठे? मला तर नुसता चेहरा दिसतो," वहिनी म्हणाली.

५ मार्च, बुधवार

दुसरी प्रत मिळाली! सर्व्हरवर गेल्या वर्षीच्या आवृत्तीचे फोल्डर आहे, त्यात याच नावाची फाइल. तारीख मागच्या वर्षीच्या मार्चमधली. तेवीस सिरिंजा, तेवीस आकडे. नावे तीच, क्रम तोच. कंपायलरला त्या फोल्डरचा पत्ता दिला.

शून्य चुका. शून्य इशारे.

बाईंना फोन करून विचारावे, असे मनात आले. वर्षभरात त्यांनी काही बदलले होते का, एवढेच. फोन हातात घेतला, खाली ठेवला.

मालक मागे येऊन उभे राहिले. "काय इंजिनियरबाई, गाडी सुटली?"

सुटली म्हटले.

"बघ! एका दिवसाच्या कामाला आठवडा लावायची सवय होती या टेबलाला."

६ मार्च, गुरुवार

चाचणीच्या कागदावर दोनच सिरिंजा आहेत – पन्नासची आणि वीसची. बारा पंप एका ओळीत मांडून पाणी भरले, तास मोजला, वजन केले. पन्नास : बिनचूक. वीस : बिनचूक. बाई दहाची चाचणीही करायच्या. कागदावर नव्हती तरी करायच्या, त्यामुळे पंप उशिरा जायचे, आणि त्यावरूनच वाद व्हायचे. मालकांनी दारातून घड्याळ दाखवले. मी दहाची केली नाही.

'तपासून पाठवले' याखाली बारा सह्या केल्या. चार वाजता गाडी गेली. पॅकिंगचे काका म्हणाले, "पोरी, बाईंच्या हाताखालून एवढ्या लवकर माल कधी निघाला नव्हता." कौतुक होते की काय, ते त्यांच्या आवाजावरून कळले नाही.

७ मार्च, शुक्रवार

खुर्चीचा खटका दुरुस्त केला.

९ मार्च, रविवार

सोमवारची यादी आज वाचली. सहा कलमे. एक कमी आहे.

आमच्याकडे माणूस सोडून गेला की त्याचे मशीन त्याच संध्याकाळी पुसतात. पूर्वी कुणी एक जण पंपाचे आराखडे घेऊन गेला होता, तेव्हापासूनचा नियम. जाणारा माणूस बाजूला बसून असतो, पुसणारा त्याच्याच टेबलाशी बसतो. या वेळी पुसणारी मी होते.

साडेपाच वाजले होते. बाई आपला कप, चष्म्याची पेटी, एक व्हर्नियर – तो त्यांचा स्वतःचा होता – पिशवीत भरत होत्या. मी डिस्क पुसण्याचा प्रोग्राम सुरू केला. 'नक्की?' असे विचारून तो थांबला. तेव्हा बाई म्हणाल्या,

"दोन मिनिटं थांब. एक फाइल सर्व्हरवर टाकते, मग पूस."

काचेपलीकडे मालक उभे होते. बघत होते.

मी म्हणाले, "बाई, नियम आहे. कशाला हात लावू द्यायचा नाही, असं सांगितलंय."

त्यांचा हात माउसवर आला होता. त्यांनी तो काढून घेतला. रागाने नाही – गरम भांड्यावरून काढतात तसा. "बरं," म्हणाल्या.

मी 'हो' दाबले. चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ आम्ही दोघी पडद्यावर टक्के वाढताना बघत बसलो होतो.

मालकांना विचारता आले असते. दोन मिनिटांचाच प्रश्न होता. विचारले नाही, कारण सोमवारी ते टेबल मला मिळणार हे मला गुरुवारीच सांगितलेले होते.

१० मार्च, सोमवार

वहिनी ड्यूटीवरून आली ती पाय वर घेऊन बसली. "वन्सं, तुमच्या पंपाला घरी जायची घाई असते का हो? आमच्याकडे शुक्रवारी चार आले. चकचकीत आहेत अगदी. पण तासाची सिरिंज लावली की पन्नास मिनिटांतच बोंबलायला लागतात – 'संपली, संपली!' मोठ्या सिस्टर म्हणतात, या पंपाला बस गाठायची असते, याला लवकर सुट्टी हवी असते."

दादा हसला. मी विचारले, कोणती सिरिंज?

"कोणती म्हणजे? मुलांच्या वॉर्डात काय पन्नासची लावणार? दहाची."

सगळ्याच वेळा पन्नास मिनिटे?

"आता मी काय स्टॉपवॉच घेऊन बसते? पन्नास, एक्कावन्न. काय झालं?"

काही नाही म्हटले. साठ भागिले पन्नास. जेवताना तेच चालू होते. साठ भागिले पन्नास.

११ मार्च, मंगळवार

सातला ऑफिस उघडले. पुरावा म्हणून कागद जोडतात तसे लिहिते.

दाखवण्यासाठी ठेवलेल्या पंपात तोच प्रोग्राम टाकला. दहाची सिरिंज, पाणी. वेग ताशी दहा मिलिलीटर. पन्नास मिनिटे तीस सेकंदांनी सिरिंज रिकामी. पुन्हा लावली : पन्नास मिनिटे चाळीस. सिरिंजची नळी कापून आतला व्यास मोजला : १५.८. फाइलीतला आकडा : १४.५.

नळी प्रत्यक्षात रुंद आणि पंप समजतो अरुंद. म्हणून दट्ट्या जास्त ढकलतो. दहा मागितले की जवळजवळ बारा जातात. कुठला गजर वाजत नाही, कारण पंपाच्या मते सगळे ठीक आहे.

उरलेल्यांपैकी ज्या सिरिंजा कपाटात होत्या त्या मोजल्या. सोळा. सोळाही बरोबर.

मालक साडेदहाला आले. उभ्यानेच सांगितले.

"किती टक्के?"

"अठरा पूर्णांक सात."

"जास्त की कमी?"

"जास्त."

ते बसले. "कागदावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग आवाज जरा हळू कर." दार लावून घेतले. मग बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "हे बघ. तिन्ही हॉस्पिटलांना मी स्वतः फोन करतो. दहाची सिरिंज लावू नका म्हणून सांगतो. तू तोपर्यंत फाइल नीट कर. घाबरू नकोस, माझ्या पोरीसारखी आहेस."

बरे वाटले. खरेच. पाठीवरचे ओझे दुसऱ्याने घेतल्यासारखे.

संध्याकाळी वहिनीला सगळे सांगितले. ती मधे एकही थट्टा न करता ऐकत होती, हेच मला सहन होत नव्हते.

"मी वॉर्डाची मालकीण नाही. तोंडी ऐकून पंप बंद करता येत नाही," ती म्हणाली. "पण आमच्या चौघांत दहाची सिरिंज आता जाणार नाही. ते मी बघते." मग थोड्या वेळाने, "शनिवारी एक पोरगी होती. आठ महिन्यांची. झोपेचं औषध चालू होतं. दुपारी उठायला हवी होती, ती दिवे लागेपर्यंत उठेना. तिची आई सारखी पायाचे तळवे चोळत होती. डॉक्टर म्हणाले, हिला औषध जरा जास्त चढलं."

उठली का?

"उठली गं. उठली, दूध प्यायली."

मग ती आत गेली. मी तिथेच बसून राहिले.

१२ मार्च, बुधवार

मालक दिवसभर बाहेर.

१३ मार्च, गुरुवार

पॅकिंगचे काका दुपारी माझ्या टेबलाशी आले. हातात चिठ्ठी, वर 'अर्जंट' लिहिलेले. "पोरी, हे वाच बरं. एप्रिलच्या सर्व्हिसिंगला बारा मेमरी कार्ड बांधून ठेवायला सांगितलीत. पंपातलं जुनं कार्ड काढायचं, नवं घालायचं, 'स्क्रीनची सुधारणा' म्हणून नोंद करायची. मला स्क्रीन कळत नाही, पण एप्रिल कळतो. इतकं अर्जंट आहे तर एप्रिल कशाला?"

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. तिन्ही ठिकाणी फोन झाला का, विचारले.

"होईल. योग्य वेळी."

किती दिवसांनी?

"अगं, मोठ्या ऑर्डरची बोलणी चालू आहेत. आत्ता 'आमचा पंप चुकतो' असं मीच ओरडत सुटू? कुणाला काही झालंय का? नाही ना? मग एप्रिलमध्ये गुपचूप बदलू. दुरुस्तीच करतोय ना आपण, चोरी तर नाही?"

दोन दिवस मी सुखाने झोपले होते. फोन झालाच नव्हता.

साडेपाचला बाईंकडे गेले. पत्ता ऑफिसच्या कागदांत होता. इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. तिसरा मजला, जिन्यात सायकली. बाईंनी दार उघडले. आत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टेबलफॅन उघडून ठेवला होता, स्क्रू एका झाकणात.

"ये. पाय बघून टाक, स्क्रू मोजलेत मी."

मी उभ्यानेच सांगायला लागले. आधी आकडे, मग बाकीचे. त्या फॅनच्या पात्यावरची धूळ पुसत ऐकत होत्या. १५.८ म्हटल्यावर हात थांबला.

"फाइल कुठली लावलीस?"

"गेल्या वर्षीची."

"आणि मला एक फोन करायला काय झालं होतं?"

मी म्हणाले, लाज वाटली.

"कसली?"

"तुम्ही दोन मिनिटं मागितली होतीत. मी दिली नाहीत."

बाईंनी पाते वर्तमानपत्रावर ठेवले. "नाही दिलीस. मीही एकच प्रत ठेवली होती, सगळ्यांवर रुसून. तेवढी चूक माझी. तुझी तुझ्याकडे ठेव, वाटणी नको करूस." मग, "मालक काय म्हणतात?"

फोन करतो म्हणाले, केला नाही. एप्रिल म्हणतात.

"केला नाही?" त्यांनी दोनदा विचारले. "नक्की? एकालाही नाही?"

नाही.

मी म्हटले, फाइल परत करायला मदत कराल का? मी रविवारी सिरिंजा घेऊन येते.

"फाइल नंतर," बाई म्हणाल्या. "आधी पंप थांबव. तुझा प्रोग्राम बरोबर कंपाइल झाला म्हणून तिकडे लावलेला पंप थांबत नाही. कंपायलरला काय, पान मिळालं की त्याचं समाधान."

१४ मार्च, शुक्रवार

नऊ वाजून पाच मिनिटांनी उरलेल्या दोन हॉस्पिटलांना फोन केले. पहिल्या ठिकाणच्या स्टोअरकीपरने नाव, पंपांचे क्रमांक, सगळे उतरवून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, पंधरा मिनिटांत काढतो." दुसऱ्या ठिकाणी बाईमाणूस होती. "तुम्ही कंपनीच्या कोण?" इंजिनियर म्हटले. "मग तुमच्या साहेबांना बोलायला सांगा." साहेब बोलणार नाहीत, मी सांगितले. "बाई गं! म्हणजे भांडण घरचं आणि निस्तरायचं आम्ही?" म्हणाली. "लेखी पाठवा. आत्ताच्या आत्ता पाठवा, मी इथेच बसलेय."

तिन्ही हॉस्पिटलांना लेखी पाठवले. पंपांचे क्रमांक, सिरिंज, आकडा, माझे नाव. प्रत मालकांना.

दोन वाजेपर्यंत तिन्हींकडून उत्तर. बाराही पंप बाजूला काढले.

मालकांकडून उत्तर नाही. काचेतून दिसत होते, ते पेपरवेट फिरवत होते.

मला वाटत होते, रडू येईल. आले नाही. भूक लागली होती, तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. वहिनी म्हणाली, "चला, आमच्या वन्संच्या तोंडाला चव आली." आणि मग जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच.

१६ मार्च, रविवार

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बाईंकडे. तेवीस सिरिंजा. त्या मोजायच्या, मी लिहायचे. मग मी मोजायचे, त्या लिहायच्या. दोघींचे जुळले तरच आकडा फाइलीत. व्हर्नियर कसा धरायचा हेही पुन्हा शिकवले – "दाबू नकोस, नळी आहे, नरडं नाही." एकदा माझा आकडा एका रेघेने चुकला. त्यांनी नळी परत माझ्या हातात दिली.

फाइल तयार झाली. तीन प्रती : सर्व्हरवर, माझ्याकडे, त्यांच्याकडे.

बाई दिवसभर कमी बोलत होत्या. दमल्या असतील, असे मला वाटले.

१७ मार्च, सोमवार

काल निघताना दारात विचारले होते, बाई, तुम्ही तर हाताने मोजता, मग जुन्या फाइलीत १४.५ कसा? त्या म्हणाल्या, "तेव्हा १४.५च होता. गेल्या उन्हाळ्यात सिरिंजवाल्यांनी साचा बदलला. वर एक अक्षरही बदललं नाही. मला जानेवारीत कळलं. मालकांना लेखी दिलं. सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं म्हणाले, मी विश्वास ठेवला. गुरुवारी तू सांगितलंस, यांनी फोन केलाच नाही – तेव्हा पहिल्यांदा शंका आली. काल सकाळपर्यंत जुन्या चार हॉस्पिटलांना विचारून घेतलं. जानेवारीतही कुणाला काही कळवलेलं नाही."

आज दहा वाजता मालकांच्या हातात दिलेले पत्र, जसेच्या तसे :

'आपण जानेवारीआधी विकलेल्या ३१८ पंपांतही दहा मिलिलीटरच्या सिरिंजचा व्यास १४.५ आहे. ते आजही चालू आहेत. २० जानेवारीला आपणास मिळालेल्या पत्राची नक्कल सोबत आहे. दुरुस्त आकड्याची तेव्हाची एकमेव फाइल २८ फेब्रुवारीला मी पुसली. ती सर्व्हरवर ठेवू देण्याची विनंती मी नाकारली. त्याची जबाबदारी माझी. या पत्राची प्रत आजच पंपांना परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयात दिली आहे.

३१८ पंप कोणकोणत्या हॉस्पिटलांत आहेत, ती यादी फक्त आपल्याकडे आहे. ती मला द्यावी. उद्या, मंगळवार, १८ मार्च, दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर द्यावे.'